बडोद्याहून शेंगेन व्हिसा: चौघांची फाईल, एजंटशिवाय

युरोपच्या व्हिसाचा विषय निघाला की आमच्या बडोद्यात पहिला प्रश्न ठरलेला, "खात्यात किती दाखवायचे?" आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई, २०२५ च्या मे महिन्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून आलो, एजंट न घेता सगळी फाईल घरी बसून केली, आणि मला त्यातून जे कळलं ते असं की पैसे तर लागतातच पण माणसं अडतात ती बहुतेक वेगळ्याच गोष्टीवर, एका कागदावर एक लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर भलतंच. तिकडे दिल्लीत एम्बसीत बसलेल्या माणसाने आपल्याला कधी बघितलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात, ही मंडळी सांगतात तिथेच जाणार आहेत ना आणि सुट्टी संपली की घरी परत येणार आहेत ना.

शेंगेन म्हणजे आता युरोपातले २९ देश, पासपोर्टवरच्या एका व्हिसा-स्टिकरवर सगळीकडे फिरता येतं, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाहीत, हे मुद्दाम सांगते कारण सासूबाईंचा भाचा लंडनला असतो आणि त्याचं पहिल्या दिवसापासून टुमणं होतं की आत्या, पॅरिसहून ट्रेनने अडीच तासात तू माझ्याकडे. ट्रेन आहे, खरंय, पण इंग्लंडचा व्हिसा वेगळा, त्याचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, आणि वर तुमचा शेंगेन जर सिंगल एंट्रीचा आला असेल तर एकदा लंडनला गेलात की परत पॅरिसला पाय ठेवता येत नाही. सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यालाच सांग पॅरिसला यायला, एवढा पुळका आहे तर." आला नाही तो, ते सोडा.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. नवऱ्याच्या मित्राने ठामपणे सांगितलं की जिथे विमान उतरतं त्या देशाचा व्हिसा काढायचा. असं नाहीये. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि रात्री सगळीकडे सारख्या असतील तरच पहिला उतरण्याचा देश बघायचा. आम्ही उतरणार होतो पॅरिसला पण तिथे तीनच रात्री, उरलेल्या सगळ्या स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे.

आता एजंटचं. सुरुवातीला आम्हीही एकाकडे जाऊन आलो, नाव घेत नाही. छान एसी ऑफिस, चहा दिला, आणि मग म्हणाला की ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल तिथे टाकू, हॉटेलचं बुकिंग त्या देशाचं जास्त रात्रींचं दाखवू, व्हिसा आला की कॅन्सल करून तुम्हाला पाहिजे तिथे राहा, "बध्धा एम ज करे छे बेन." सगळे करत असतील, पण उद्या पॅरिसच्या एअरपोर्टवर कोणी विचारलं की तुमचा व्हिसा अमुक देशाचा आणि बुकिंग तमुक देशाचं, हे कसं, तर उत्तर देणार मी, तो काय इथे एसीत बसलेला असणार. दुसरी गोष्ट तो म्हणाला ती त्याहून भारी, की तुमच्या सेव्हिंग खात्यात बॅलन्स कमी दिसतोय, कोणा नातेवाईकाकडून पाच लाख एक महिन्यासाठी फिरवून घ्या. तिथून उठलो ते परत गेलो नाही.

ह्या पाच लाखांबद्दल सविस्तर लिहिते कारण ही गोष्ट मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे की आता तो नियमच आहे असं सगळ्यांना वाटतं. बँकेचं स्टेटमेंट मागतात ते काही महिन्यांचं, शेवटच्या दिवसाचा आकडा नाही मागत. म्हणजे त्यांना बघायचं असतं की दर महिन्याला पगार येतो का, लाईटबिल जातं का, एसआयपी जाते का, शाळेची फी जाते का, थोडक्यात ह्या माणसाचं इथे चालू असलेलं आयुष्य आहे का. त्यात अर्जाच्या आधी पंधरा दिवस अचानक एक ठोक रक्कम येऊन पडली की तीच आधी डोळ्यात भरते. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने असेच मामाकडून पैसे फिरवून घेतले होते, त्याचा व्हिसा नाकारला गेला. नकाराचं पत्र मी स्वतः बघितलं, छापील फॉर्म असतो, त्यात कारणं आधीच लिहिलेली आणि प्रत्येकापुढे चौकोन, जे लागू असेल त्यावर खूण. त्याला दोन खुणा होत्या, एक म्हणजे मुक्कामाच्या कारणाबद्दल आणि परिस्थितीबद्दल दिलेली माहिती भरवशाची वाटली नाही आणि दुसरी की परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका आहे. पैसे कमी पडले असं कुठेही नव्हतं, त्यासाठी वेगळा चौकोन असतो तो रिकामा होता! आता नक्की कशामुळे झालं ते कोणी सांगत नाही, पण माझं मत विचाराल तर त्या मामाच्या पैशांनी त्याचा घात केला. फी गेली ती गेलीच, ती परत मिळत नाही.

बरं मग किती पैसे असावेत? स्वित्झर्लंडचा आकडा माणशी दिवसाला १०० स्विस फ्रँक असा आहे, जे आपला खर्च स्वतः करणार त्यांच्यासाठी. म्हणजे चार माणसं, गुणिले दिवस, गुणिले फ्रँकचा त्या दिवसाचा भाव, एवढं साधं गणित, आणि त्याच्या वर थोडं मोकळं असावं म्हणजे परत आल्यावर खातं कोरडं पडणार नाही हे दिसतं.

आमची खरी अडचण वेगळी होती. नवऱ्याचं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, छोटं वर्कशॉप आहे, लेथवरचं जॉबवर्क. आता धंदेवाल्या माणसाचं काय असतं, करंट खात्यात लाखांची ये-जा आणि स्वतःच्या सेव्हिंगमध्ये लागेल तेवढंच ओढलेलं. नुसतं सेव्हिंगचं स्टेटमेंट लावलं तर हा माणूस कमावतो काय हेच कळणार नाही, आणि नुसतं करंटचं लावलं तर ते पैसे त्याचे की धंद्याचे हे कळणार नाही. म्हणून आम्ही दोन्ही खात्यांची स्टेटमेंट लावली, प्रत्येक पानावर बँकेचा सही-शिक्का घेऊन (हो, प्रत्येक पानावर, ती बँकेतली मुलगी आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, तिच्यासमोर आमच्या मागे पंधरा माणसं उभी होती), सोबत जीएसटीचं सर्टिफिकेट, उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट आणि तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न. रिटर्नमध्ये एक गोची असते, मार्च-एप्रिलमध्ये अर्ज करताना नुकत्याच संपलेल्या वर्षाचं रिटर्न भरलेलंच नसतं, ते पुढे काही महिन्यांनी भरतात, तर त्याच्या आधीची तीन लावायची, आणि त्यावर असेसमेंट इयर लिहिलेलं असतं ते आर्थिक वर्षापेक्षा एकने पुढचं असतं, म्हणून अर्जासोबतच्या कव्हरलेटरमध्ये मी एका ओळीत कुठलं रिटर्न कुठल्या वर्षाच्या कमाईचं ते लिहून टाकलं.

माझं त्या मानाने सोपं. मी शाळेत शिकवते, पगार बँकेत येतो, पगाराच्या स्लिपा आणि प्रिन्सिपलचं पत्र. ते पत्र मात्र नीट लिहून घ्या. आमच्या क्लार्कने आधी एका ओळीचं दिलं, की यांच्या परदेशगमनास शाळेची हरकत नाही. ते पुरत नाही. किती वर्षं नोकरीत आहे, पद काय, पगार काय, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सुट्टी मंजूर आहे आणि अमुक तारखेला परत हजर होणार आहे, हे सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. ती हजर व्हायची तारीखच तर त्या पत्राचा जीव आहे. लेकीच्या शाळेकडून पण एक साधं पत्र घेतलं की ही आमच्याकडे शिकते आणि शाळा जूनमध्ये उघडते.

आता सासूबाईंची फाईल. ही सगळ्यात जाड झाली.

पहिलं म्हणजे त्यांचा पासपोर्ट जुलैमध्ये संपत होता. लोक म्हणाले, तुम्ही मेमध्ये परत येताय, मग काय. पण नियम असा आहे की शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू पाहिजे, शिवाय तो गेल्या दहा वर्षांत काढलेला पाहिजे आणि निदान दोन पानं कोरी पाहिजेत. मेमध्ये तीन मिळवले की ऑगस्ट येतो, म्हणजे पासपोर्ट आधी नवीन करायला पाहिजे. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे, फी साध्या ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, ते काम सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते नावांचं. गुजरातमधल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नकोच. सासूबाई पासपोर्टवर सुमन, आधारवर सुमनबेन, आणि फॅमिली पेन्शनच्या खात्यावर सुमनबाई. सासरे एमएस युनिव्हर्सिटीत होते, त्यांचं नाव पासपोर्टात दत्तात्रय, पेन्शनच्या कागदात दत्तात्रयराव, आणि घराच्या वेरापावतीवर (म्हणजे घरपट्टीच्या पावतीवर) कोणा उत्साही कारकुनाने दत्तुभाई करून ठेवलंय! इथे बडोद्यात ह्याचं कोणालाच काही वाटत नाही, राव काय आणि भाई काय, सगळ्यांना कळतं की दांडिया बाजारातले तेच ते. पण इंग्रजीत टाईप केलेली ही नावं शेजारी शेजारी ठेवा आणि परक्या माणसाच्या नजरेने बघा, तीन वेगळ्या बायका आणि तीन वेगळे नवरे दिसतात. त्यात आडनाव आधी की नंतर, ही इकडची आणखी एक गंमत, गुजरातीत आडनाव पहिलं लिहायची पद्धत, त्यामुळे कुठे कुठे आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी नवऱ्याचं नाव.

नवरा म्हणाला, जाऊ दे, कोण बघतंय. मी म्हटलं, तेच तर बघतात. मग नोटरीकडून अॅफिडेव्हिट केलं की ह्या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. कोर्ट न्यायमंदिरातून दिवाळीपुऱ्याला हललं तेव्हापासून नोटरीवाले पण तिकडेच, सासूबाईंना घेऊन गेलो. वकिलाने वाचून दाखवलं, "...सुमन उर्फ सुमनबेन उर्फ सुमनबाई..." तशा आई त्याला थांबवून म्हणाल्या, "उर्फ काय रे, मी काय दरोडेखोर आहे का?" तो बिचारा गुजराती, त्याला अर्धंच कळलं, पण हसला. ह्या अॅफिडेव्हिटचा उल्लेख मी कव्हरलेटरमध्ये केला आणि सोबत जोडलं. आमचं लग्नाचं सर्टिफिकेट गुजरातीत होतं, त्याचं इंग्रजी भाषांतर करून तेही नोटरी करून घेतलं.

सासूबाईंचा खर्च कोण करणार? पेन्शन आहे त्यांची, पण तेवढ्यावर स्वित्झर्लंड होत नाही. म्हणून नवऱ्याने पत्र दिलं की आईचा सगळा खर्च मी करतो, आणि आई-मुलाचं नातं दाखवायला त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, त्यात शेवटच्या पानावर आईचं नाव होतंच. पेन्शनचं स्टेटमेंट तरीही लावलं, कारण दर महिन्याला इथे येणारी पेन्शन म्हणजे ह्या बाईला परत यायचं कारण आहे. फिक्स डिपॉझिटच्या पावत्या आणि घराची वेरापावती पण त्याचसाठी, श्रीमंती दाखवायला नाही.

इन्शुरन्स सक्तीचा आहे, निदान ३०,००० युरोचं कव्हर, आजारपण, हॉस्पिटल आणि वेळ आलीच तर माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च धरून, आणि तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू पाहिजे. आमच्या तिघांचा प्रीमियम मिळून जेवढा झाला त्याहून जास्त एकट्या सासूबाईंचा झाला, वय सत्तरच्या वर आणि बीपीची गोळी चालू. बीपी लपवायचं नाही, लपवून स्वस्तात घेतलेल्या पॉलिसीचा तिकडे गेल्यावर उपयोग काय.

हॉटेल बुकिंगमध्ये एक बारीक गोष्ट आहे जी मला आधी कोणी सांगितली नव्हती, ऑनलाईन बुकिंग केलं की कन्फर्मेशनवर फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव येतं आणि खाली नुसतं तीन मोठे एक लहान. मग ती बाकीची माणसं तुम्हीच कशावरून? मी प्रत्येक हॉटेलला ईमेल करून चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे टाकून घेतली, इंटरलाकेनच्या हॉटेलवाल्याने तर दहा मिनिटांत नवीन कागद पाठवला. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाच्या आधी काढायची सक्ती नाही, रिझर्वेशन चालतं, आम्ही तेच लावलं. पॅरिसहून स्वित्झर्लंडला ट्रेनने जाणार होतो ते पण लिहिलं, कारण एका देशातून दुसऱ्यात कसे जाणार हा दुवा गायब असला की सगळा प्रोग्रॅम बनावट वाटतो.

कव्हरलेटर एक पान. आम्ही कोण, कधी, कुठल्या गावात किती रात्री, खर्च कोणाचा, परत आल्यावर कोणाला कुठल्या तारखेला कामावर जायचं आहे, आणि ते नावांचं स्पष्टीकरण. "युरोपचं सौंदर्य पाहण्याचं लहानपणापासूनचं स्वप्न" वगैरे एजंटच्या नमुन्यात होतं ते सगळं उडवलं.

फोटोसाठी रावपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या स्टुडिओत गेलो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरं बॅकग्राऊंड, आणि चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा चेहरा बराच मोठा दिसतो. स्टुडिओवाले काका जुने, त्यांनी सवयीने सासूबाईंचा अर्ध्या अंगाचा काढला, मग परत. चष्मा काढायला लावला तर आई म्हणाल्या आता मला तुझा कॅमेराच दिसत नाही, कुठे बघू.

आता तारखांचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करायलाच पाहिजे. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागद जास्त तपासायचे असले तर ४५ पर्यंत जाऊ शकतात. आपल्याकडे मेच्या सुट्टीत सगळा गुजरात निघतो, त्यामुळे मार्चपासून अपॉइंटमेंटची मारामारी. रात्री स्लॉट उघडतो, सकाळी उघडतो, कोणी काय सांगतो कोणी काय, मी आपली मोबाईलवर येता-जाता बघत राहिले आणि एक दिवस चौघांचा एकाच वेळेचा स्लॉट मिळाला, अहमदाबादचा. दिरांचं ह्या काळात एकच, "नेपाळला जा ना वहिनी, व्हिसाच नको, आधारसुद्धा कोणी फारसं बघत नाही." नेपाळला व्हिसा लागत नाही हे खरंच आहे, भूतानलाही नाही, पण लेकीला आयफेल टॉवर बघायचा होता, तो पोखऱ्यात नाही.

अहमदाबादला एक्स्प्रेसवेने सकाळी लवकर निघालो. ज्या केंद्रात कागद देतो ते केंद्र व्हिसा देत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा, ते फक्त कागद घेतात, बोटांचे ठसे घेतात आणि पुढे पाठवतात, निर्णय एम्बसीचा. त्यामुळे काउंटरवरच्या मुलाला आपली कहाणी सांगत बसण्यात अर्थ नाही, आमच्या शेजारच्या काउंटरवर एक काका अर्धा तास तेच करत होते. एसएमएस, कुरियर, लाउंज अशा गोष्टी विचारतात, त्यांचे पैसे वेगळे आणि त्या घेतल्याच पाहिजेत असं नाही. आम्ही फक्त कुरियर घेतलं, परत अहमदाबादची चक्कर नको म्हणून. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, ही जून २०२४ पासून, त्याआधी ८० होती, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना माफ. ती रुपयात घेतात आणि केंद्राचा सर्व्हिस चार्ज वर.

बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे लेक हिरमुसली, तिला ते हिरवा दिवा लागणारं मशीन फार आवडलं होतं. तिच्या फॉर्मवर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. आमचे दोघांचे ठसे दोन मिनिटांत झाले. आणि मग सासूबाई. चार बोटं काचेवर ठेवली, लाल दिवा. परत, लाल. चाळीस-पन्नास वर्षं भांडी, कपडे, पापड-कुरडया केलेली बोटं ती, त्यावरच्या रेघा झिजून गेलेल्या, मशीनला काही सापडेना. त्या मुलीने ओला टिश्यू दिला, बोटं पुसायला लावली, मग स्वतः उठून आली आणि आईंची बोटं आपल्या हाताने एकेक करून काचेवर दाबली, जरा डावीकडे, जरा जोरात, "बा, ढीलो हाथ राखो." डाव्या हाताची सगळी आली, उजव्याचा अंगठा काही केल्या येईना, आईंनी घाबरून मला विचारलं, "नाही आलं तर मला नाही नेणार का गं?" ती मुलगी थांबली, पाच मिनिटं हात पदराखाली गरम करून बसा म्हणाली, मध्ये दुसऱ्या कोणाचं करून घेतलं, आणि मग अंगठा आला. हे ठसे ५९ महिने, म्हणजे पाच वर्षांना एक महिना कमी, त्यांच्या सिस्टीममध्ये राहतात, तोवर पुढच्या अर्जाला तेच वापरता येतात. ज्यांच्या घरी वयस्कर मंडळी आहेत त्यांनी आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लावून झोपवा, सकाळी नीट धुवा, आमच्या ओळखीच्या एका आजोबांना पुढे ह्याचा फायदा झाला.

नंतर वाट बघणं. ह्यात करण्यासारखं काही नसतं. कुरियर आलं तेव्हा मी शाळेत होते, सासूबाईंनी फोनवर सांगितलं की पाकीट आलंय पण मी फोडलं नाही, तू ये. चौघांचे आले होते.

पासपोर्ट हातात आल्यावर नुसता आनंद करू नका, तिथल्या तिथे स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख बरोबर आहे ना. मग कधीपासून कधीपर्यंत. मग एंट्री किती, ०१ लिहिलं असेल तर एकदाच आत जाता येतं, ०२ म्हणजे दोनदा, आणि मल्ट म्हणजे कितीही वेळा. आणि मग दिवस किती, हा कॉलम लोक वाचतच नाहीत. आमच्या स्टिकरवर तारखांमधलं अंतर जास्त होतं आणि दिवस कमी, कारण तारखांमध्ये पंधरा दिवस जादा धरून देतात, प्रवास पुढे-मागे झाला तर अडचण नको म्हणून. राहायचं मात्र दिवसांच्या आकड्याएवढंच. नवरा तारखा बघून म्हणाला, अरे वा, दोन आठवडे जास्त मिळाले, त्याला तो कॉलम दाखवला.

तिकडे उतरताना फाईलची एक झेरॉक्स हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा असला तरी सीमेवरचा माणूस विचारू शकतो. पॅरिसला आम्हाला परतीचं तिकीट आणि हॉटेल विचारलं, सासूबाईंकडे बघून हसला, शिक्का मारला. आता शिक्क्याची पद्धत बदलत चालली आहे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी नवीन सिस्टीम सुरू केली आहे, त्यात सीमेवरच फोटो घेऊन, व्हिसासाठी दिलेले ठसे ताडून येण्या-जाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते, म्हणजे किती दिवस राहिलात ते मोजायला कोणाला पानं उलटायला नकोत. वयस्कर माणूस सोबत असेल तर पुढची कनेक्टिंग फ्लाईट किंवा ट्रेन फार जवळची घेऊ नका, ते ठशांचं मी वर लिहिलंच आहे.

आणि ज्यांना परत जायची इच्छा आहे त्यांच्यासाठी, एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम थोडा सैल झाला आहे. तीन वर्षांच्या आत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अर्थात पासपोर्टला तेवढी मुदत उरलेली पाहिजे. आमचा एक झाला. सासूबाईंनी हे ऐकल्यापासून इटलीचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आहे.

फाईल सध्या दिरांकडे आहे, नेपाळवाले तेच, त्यांना आता दिवाळीच्या सुट्टीत फ्रान्स करायचंय. कव्हरलेटर आणि प्रिन्सिपलच्या पत्राचा नमुना ठेवलाय त्यात, हॉटेलला पाठवलेली ईमेलसुद्धा प्रिंट करून ठेवलीये, बँकेची स्टेटमेंट तेवढी मी आधीच काढून घेतली.